‘नव’ या उपसर्गाविषयी

शासकीय परिपत्रकांत ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ हा जोडशब्द अजूनही छापला जातो. यातील ‘नव’ची समीक्षा आपल्या वाङ्मयात व्हावी तेवढी झाली नाही.

असाच एक शब्द युरोपात आहे : ॲनाबॅप्टिस्ट, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये काही तरुणांनी प्रौढपणी, समजूनउमजून बाप्तिस्मा घेतला. आठवड्याभरात शेजारच्या झोलिकॉन खेड्यातील शेतकऱ्यांनी तेच केले. तान्हेपणी झालेला संस्कार हा बाप्तिस्माच नव्हे, असे त्यांचे म्हणणे. ‘पुन्हा’ हा शब्द विरोधकांनी चिकटवलेला. १५२७ मध्ये त्यांच्यातील फेलिक्स मान्झला लिमात नदीत बुडवून मारण्यात आले.

आमच्या मावळात तर ‘नव’ हास्यास्पदच ठरतो. कार्ल्याच्या चैत्यावर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. खांबांच्या दात्यांत यवनही आहेत. तिथून मळवलीला उतरून लोकल धरली की देहूरोड, जिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती स्थापन केली. पण प्राचीनतेचा असा दाखला दिला की वाद जिंकला, या भ्रमातच आपली समीक्षा घसरते. १९५६ चे मोल प्राचीनतेत नाही, निर्णयात आहे. बावीस प्रतिज्ञांपैकी बहुतेक ‘मी’ने सुरू होतात. हा ‘मी’ आपल्या आत्मकथनांत कितीसा सापडतो? भूक, अपमान, गावकीची कामे तपशिलाने येतात. दीक्षेचा दिवस मात्र सभेच्या वृत्तांतासारखा येतो, ‘आम्ही’ म्हणून. देव्हारा रिकामा करताना आजीचा हात थबकला का, हे कोणी लिहीत नाही. झोलिकॉनच्या शेतकऱ्यांची घालमेल आज वाचता येते, कारण त्यांना पकडून त्यांच्या जबान्या घेतल्या गेल्या. आपल्या आज्यांची जबानी कोणी घेतली नाही, आपणही नाही.

साम्य फार ताणू नये. त्यांच्यातील बहुतेकांनी राज्यसत्तेकडे पाठ फिरवली; आपली वाट संविधानातून जाते. तरी एक गोष्ट टोचते. त्यांच्याच परंपरेतील आमिश लोकांत आजही मूल जन्माने सभासद होत नाही; तरुणपणी स्वतः ठरवावे लागते. माझ्या दाखल्यावर ‘बौद्ध’ आले ते जन्माने. निर्णय आजोबांचा होता.

मागे वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, दीक्षा मी कधी घेतलीच नाही, मग मी बौद्ध कशी?” मी तिला कार्ल्याच्या शिलालेखांविषयी सांगत बसलो.