कॅलोसोब्रुकस आणि आपला ‘भुंगेरा’

कडधान्याच्या किडीविषयी मराठीत जे शेतकी लेखन झाले आहे, त्यात ‘भुंगेरा’ हा एकच शब्द फार मोठे ओझे वाहत आला आहे. तुरीतला भुंगेरा, मुगातला भुंगेरा, वाटाण्यावरील भुंगेरा : नाव अन्नावरून पडले, आणि किडा कोणता हा प्रश्न तेथेच मिटला असे मानले गेले. प्रस्तुत लेखक कीटकशास्त्रज्ञ नव्हे. परंतु नामकरण हा भाषाभ्यासकाचाही प्रांत असल्यामुळे या शब्दाची थोडी झडती घेणे अप्रस्तुत ठरू नये.

आर्णीच्या परिसरात कपाशीच्या ओळींमधून तूर घेतात. साठवलेल्या तुरीच्या दाण्यांवर पांढरे ठिपके दिसू लागले की घरातील जाणती बाई ती तूर उन्हात घालते, अथवा भरडून डाळ करून टाकते. ते ठिपके म्हणजे दाण्याला चिकटविलेली अंडी होत. त्यातून निघालेली अळी थेट दाण्यात शिरते, आतच वाढते आणि वाटोळे छिद्र पाडून भुंगेरा बाहेर येतो. प्रौढ किड्याला खाण्यासाठी दाण्याची गरज नसते; नासाडी सारी अळीची. गव्हा-तांदळातील सोंडे दाण्याला भोक पाडून आत अंडे घालतात व ते बुजवितात, म्हणून तेथे ठिपके दिसत नाहीत. तुरीतल्या किड्यासही ‘सोंडे’ म्हणणारे भेटतात. त्यांस हसण्याचे कारण नाही. खुद्द लिनिअसने 1758 मध्ये या किड्याला ‘कुर्क्युलिओ चायनेन्सिस’ म्हणून सोंडवाल्यांच्याच पंगतीस बसविले होते.

पुढे 1767 मध्ये त्यानेच ‘ब्रुकस’ हा वंश मांडला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बिनपंखी टोळ. म्हणजे नाव येथेही उसनेच. या वंशात बी खाणारे नाना किडे गोळा झाले. मोरिस पिक या फ्रेंच अभ्यासकाने 1902 मध्ये ‘कॅलोसोब्रुकस’ हा वंश निराळा मांडला. ‘कॅलोसस’ म्हणजे घट्टे पडलेला. या वंशात मागील मांडीच्या खालच्या बाजूस दोन कडा असतात व त्यांवर दात. ब्रुकसमध्ये वक्षाच्या बाजूस दात असतो आणि नराच्या मधल्या पायावर काटे. सामान्य वाचकास ही केवळ केसांची मोजणी वाटेल.

परंतु वाटाण्यातला ब्रुकस हिरव्या शेंगेवर अंडी घालतो, वर्षाला एकच पिढी करतो, आणि कोरड्या वाटाण्यात पुन्हा वाढत नाही. कॅलोसोब्रुकस शेतातून घरात येतो तो पिढीमागून पिढी त्याच पोत्यात काढण्यासाठी. पहिल्याचा बंदोबस्त शेतात, दुसऱ्याचा कोठीत. वंशाची रेषा येथे घरधन्याच्या नफ्या-तोट्यातून जाते, आणि आपला ‘भुंगेरा’ नेमकी हीच रेषा पुसून टाकतो. हा माझा मुख्य आक्षेप आहे.

जातींच्या बाबतीतही गोंधळ कमी नव्हता. मॅक्युलेटस व ॲनालिस यांना एकच समजण्याचा प्रघात होता. साउथगेट, हाउ व ब्रेट यांनी 1957 मध्ये त्या निराळ्या जाती असल्याचे दाखवून दिले. त्यातच मॅक्युलेटसचे उडणारे आणि न उडणारे असे दोन प्रकार दिसतात, त्यामुळे डोळ्यांवर विसंबणारा फसतोच. कुलाविषयी एवढेच की, ज्याला पूर्वी ‘ब्रुकिडी’ असे स्वतंत्र कुल मानीत, ते आज बहुतेक अभ्यासक क्रायसोमेलिडी या पर्णभुंगेऱ्यांच्या कुलातील उपकुल समजतात. आपल्या टिपणवह्यांत जुनेच कुल चालू आहे.

मराठीपुरती आणखी एक अडचण. ‘जीनस’साठी काही ग्रंथांत ‘वंश’ येतो, काहींत ‘प्रजाती’. आणि वर्तमानपत्रे ‘प्रजाती’ हाच शब्द ‘स्पीशीज’साठी वापरतात. “कॅलोसोब्रुकस ही प्रजाती” असे वाक्य वाचणाऱ्या विद्यार्थ्याने एक किडा समजावा की सुमारे वीस जातींचा समूह? निदान आपल्या विभागाने ‘वंश’ आणि ‘जाती’ एवढेच दोन शब्द चालवावेत.

नवा संस्कृत शब्द घडविण्याचा मोह मात्र मला नाही. ‘साठवणीतील भुंगेरा’ हे नाव मी काही दिवस मनाशी घोळविले; पण किडीचा आरंभ शेतातील वाळलेल्या शेंगेवरही होत असल्याने ते खोटे पडते. तेव्हा ‘कडधान्यातील भुंगेरा’ लोकांसाठी राहू द्यावा, आणि त्यापुढे ‘कॅलोसोब्रुकस’ किंवा ‘ब्रुकस’ हे नाव देवनागरीत, न चुकता, लिहावे.