शिते, भुते आणि शीतयुद्ध

‘शीतयुद्ध’ हा शब्द आपल्याकडे अग्रलेखांतून आला आणि बहुधा तेथेच राहिला. जणू अमेरिका-रशियाच्या चढाओढीशी आपल्या चुलीचा काही संबंधच नव्हता! 1972 च्या दुष्काळावरील आपले लेखन वाचताना ही उणीव फार जाणवते.

त्या लेखनात करपलेले शिवार आहे, खडी फोडणाऱ्या बाया आहेत, मिलोची लाल भाकरी आहे. हे सारे मोलाचेच. पण दोष बहुतेक वेळा आभाळाला, सावकाराला किंवा मुकादमाला दिला जातो. मिलो आली कोठून आणि का, हे सहसा कोणी विचारीत नाही.

उत्तर गावाबाहेर आहे. 1956 पासून पी. एल. 480 खाली अमेरिकन गहू येत होता. 1965-66 च्या टंचाईत अध्यक्ष जॉन्सन यांनी तो हात आखडून पाठविला. व्हिएतनामवरील आपली टीका त्यांना रुचली नव्हती. 1971 च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी अमेरिकेने आर्थिक मदत रोखली. पुढच्याच वर्षी इकडे पाऊस हुकला. तिकडे रशियाचेही पीक बुडाले. त्याने अमेरिकेकडूनच प्रचंड धान्य उचलले आणि जगात गव्हाचे भाव भडकले. त्याच रशियाने 1973 मध्ये आपल्याला 20 लाख टन गहू उसना दिला. ‘असतील शिते तर जमतील भुते’ म्हणतात. येथे शिते ज्यांच्या हाती होती, ते भुतांना नाचवीत होते.

गाजरगवत अमेरिकन गव्हाबरोबर आले, असे खेडोपाडी सांगतात. त्याचे खरेखोटे शास्त्रज्ञ ठरवोत. पण बांधावरचे गवत आणि दूरदेशीचे राजकारण यांची सांगड शेतकऱ्याने घातली, आपल्या कथाकाराने नाही.

अण्णाभाऊ साठे 1961 मध्ये रशियाला गेले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. कष्टकऱ्याच्या नजरेने परदेश पाहणारे ते पुस्तक आजही वाचावे. मात्र तिकडून इकडे जे आले, त्याचे प्रवासवर्णन राहून गेले. आमच्या वडोदऱ्याजवळ कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना रशियाच्या साहाय्याने उभारला गेला व 1965 मध्ये सुरू झाला. चढाओढीतून लाभही झाला, हे नाकारू नये. परंतु लाभाच्या कोनशिला बसतात. किंमत मोजणाऱ्यांची नावे कोठे कोरली जात नाहीत.

रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन उभी राहिलेली ती पिढी आता उताराला लागली आहे. तिच्या आठवणी मराठीत असोत वा घरात रुळलेल्या गुजरातीत, त्या आताच लिहून घेतल्या पाहिजेत.