डेबियनमधील पॅकेजची नावे: नियम पक्के, पण कोणाच्या सोयीचे?

डेबियन या लिनक्स वितरणात पॅकेजच्या नावाचे मूळ नियम मोजके आहेत. इंग्रजी स्मॉल अक्षरे, अंक, अधिक, वजा आणि टिंब एवढेच चालते; नाव किमान दोन चिन्हांचे हवे. त्यात टीका करण्यासारखे काही नाही. वाद पुढच्या संकेतांचा आहे.

शेअर्ड लायब्ररीच्या नावातच अंक घालणे हा त्यांतला सर्वांत विचारपूर्वक केलेला संकेत. ओपनएसएसएलच्या लायब्ररीचे पॅकेज आधी ‘लिबएसएसएल१.१’ होते, पुढे ‘लिबएसएसएल३’ झाले. हा अंक लायब्ररीच्या एसओनेममधून येतो. बायनरी इंटरफेस मोडला की एसओनेम बदलतो आणि त्याबरोबर पॅकेजचे नावही. नावे वेगळी असल्याने जुनी आणि नवी लायब्ररी एकाच संगणकावर शेजारी राहतात आणि जुना प्रोग्राम अपग्रेडनंतरही चालतो. हेडर फाइल्सच्या ‘लिबएसएसएल-डेव्ह’ला मात्र अंक नाही. का नाही, हा व्हायवाला विचारण्याजोगा प्रश्न आहे.

याच युक्तीवर जास्त भार टाकला की नाव बिघडते. १९ जानेवारी २०३८ रोजी ३२ बिटांचा ‘टाइम_टी’ अपुरा पडणार, म्हणून डेबियनने तो ६४ बिटांचा केला. इंटरफेस बदलला, पण एसओनेम ठरवणे मूळ लेखकांच्या हाती. म्हणून पॅकेजच्या नावाला ‘टी६४’ हे शेपूट लागले. ६४ बिटांच्या संगणकांवर प्रत्यक्षात काहीच बदलले नव्हते, तरी तिथेही नाव बदलले. उबुंटू २४.०४ वर ‘लिबअसाउंड२’ मागितले की हे आभासी पॅकेज आहे, देणारे एकाहून अधिक आहेत, असे सांगून एपीटी थांबते. जुन्या लॅब मॅन्युअलमधली आज्ञा जशीच्या तशी टाइप करणाऱ्या विद्यार्थ्याला वाटते, आपलेच चुकले. २०१५ साली जीसीसी ५ च्या वेळी ‘व्ही५’ हे शेपूट असेच आले होते.

पायथनचा संकेत मला पटतो: इम्पोर्ट करताना जे नाव लिहितो तेच पॅकेजला. म्हणून पीआयपीमध्ये ‘पायवायएएमएल’ असले तरी एपीटीत ‘पायथन३-यामल’. कोड पाहून नाव काढता येते. (ओपनसीव्ही अपवाद, तिथे इम्पोर्ट ‘सीव्ही२’, पॅकेज ‘पायथन३-ओपनसीव्ही’.) पर्लमध्ये मात्र ‘जेसन::एक्सएस’चे ‘लिबजेसन-एक्सएस-पर्ल’ होते. पुढे ‘लिब’, भाषा शेवटी. फेडोरा तेच ‘पर्ल-जेसन-एक्सएस’ असे लिहिते, मूळची कॅपिटल अक्षरेही राखते. इथे मी फेडोराच्या बाजूने आहे, कारण शिकणारा आधी भाषेने शोधतो.

आणि दोघांना एकच नाव हवे असेल तर? डेबियनमध्ये ‘गिट’ हे नाव आधी ग्नू इंटरॅक्टिव्ह टूल्सकडे होते, त्यामुळे आपल्या ओळखीच्या गिटला बरीच वर्षे ‘गिट-कोअर’ म्हणून राहावे लागले. जुन्या गिटचे ‘ग्नुइट’ झाले तेव्हा कुठे नाव मोकळे झाले.