ऐकू येणे आणि भाषा येणे

जोश अ‍ॅरन्सन या दिग्दर्शकाचा ‘साउंड अँड फ्युरी’ हा माहितीपट २००० साली आला आणि पुढच्या वर्षी ऑस्करसाठी नामांकन झालेल्या माहितीपटांत त्याची गणना झाली. इतक्या जुन्या चित्रपटाचे परीक्षण आज का, असे वाचक विचारतील. कारण असे की त्यातला प्रश्न तेव्हा अमेरिकेतील न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा होता. आता तो गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला येऊन पोहोचला आहे. केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेत २०१४ पासून कॉक्लियर इम्प्लांटचा समावेश झाला. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हे काम पाहते. जन्मजात कर्णबधिर अशा १ ते ५ वर्षांच्या मुलांना, पालकांचे उत्पन्न ठरावीक मर्यादेत असल्यास, लाखो रुपयांचे हे उपकरण मिळू शकते. तेव्हा धानाची शेती करणाऱ्या किंवा मजुरीवर जगणाऱ्या घरातही उद्या हा निर्णय घ्यावा लागणार आहे, आणि त्या घरातले लोक सल्ला विचारायला बहुधा शाळेतल्या गुरुजींकडेच येतील.

चित्रपटाची कथा दोन सख्ख्या भावांची आहे. पीटर आर्टिनियन कर्णबधिर, त्याची पत्नी नीताही कर्णबधिर. त्यांची पाचेक वर्षांची मुलगी हेदर स्वतःच इम्प्लांट मागते. दुसरा भाऊ क्रिस ऐकू शकतो, पण त्याच्या जुळ्यांपैकी एक बाळ कर्णबधिर निघते. क्रिस आणि त्याची पत्नी बाळाला इम्प्लांट बसवतात. पीटर आणि नीता खूप चौकशी करून अखेर नकार देतात आणि कर्णबधिरांची मोठी वस्ती असलेल्या मेरीलँडमधील गावी राहायला जातात. मधे आजी-आजोबांचे वाद, रडारड, रुसवेफुगवे. कोणालाही खलनायक न ठरवता दिग्दर्शकाने दोन्ही बाजू मांडल्या आहेत, हे या चित्रपटाचे मोठे यश आहे. कर्णबधिर माणूस म्हणजे दुरुस्तीला आलेले यंत्र नव्हे, त्याला स्वतःची भाषा आणि समाज असतो, हे ऐकू येणाऱ्या प्रेक्षकाला इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

तरीही शिक्षकांच्या दृष्टीने पाहताना आम्हाला या चित्रपटात तीन उणिवा जाणवतात.

पहिली उणीव विज्ञानाची. हे उपकरण नेमके काय करते यावर चित्रपट फारसा थांबत नाही, त्यामुळे ते एक तर जादू वाटते किंवा आक्रमण. वस्तुस्थिती अशी आहे. आपल्या कानातील शंखाकृती कर्णावर्तात सुमारे साडेतीन हजार आतल्या रोमपेशी असतात. त्या ध्वनीच्या कंपनांचे विद्युत संदेशांत रूपांतर करून श्रवणचेतेकडे सोपवतात. बहुतेक जन्मजात बधिरतेत या पेशीच निकामी असतात. चेता मात्र बहुधा शाबूत असते. इम्प्लांट या पेशींना वळसा घालते. कानामागचा मायक्रोफोन आवाज टिपतो, संस्कारक त्याचे कंप्रतेनुसार पट्टे पाडतो, आणि कर्णावर्तात सरकवलेली तार थेट चेतेला उद्दीपित करते. या तारेवर इलेक्ट्रोड असतात सहसा फार तर २२. म्हणजे साडेतीन हजारांचे काम बावीसांवर! तरीही शांत खोलीतले बोलणे समजते, ही अभियांत्रिकीची कमाल आहे. १९७८ साली मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोडचे आपले पहिले उपकरण बसवले, तेव्हा बोलणे समजण्याइतकी माहिती यातून जाईल यावर अनेक शास्त्रज्ञांचा विश्वास नव्हता. पण मर्यादा उरतेच. ताल चांगला कळतो, सुरांची उंची मात्र नीट कळत नाही, आणि गोंगाटातले बोलणे सर्वांत अवघड जाते. वडसा हे झाडीपट्टी नाटकांचे माहेरघर. तिथे रात्रभर चालणाऱ्या नाटकाला असे मूल गेले तर तबल्याचा ठेका त्याला बरोबर कळेल, पण पदाची चाल हरवेल आणि कर्ण्यांच्या गदारोळात संवाद बुडतील.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. चित्रपटातला सारा वाद भाषा कोणती, हाताची की तोंडाची, एवढाच आहे. हेदरला तिच्या आईवडिलांची संकेतभाषा पाळण्यापासून मिळालेली होती. नकार मिळाला तरी ती मुकी राहणार नव्हती. पण नव्वद टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्माला येतात. वडशाजवळच्या एखाद्या खेड्यातल्या अशा मुलाला ना आईची बोली ऐकू येते, ना घरात कोणाला संकेतभाषा येते. त्याच्यापुढे दोन भाषांतली निवड नाहीच. एकही भाषा न मिळण्याचा धोका आहे. चित्रपट आमच्याबरोबर पाहणाऱ्या एका शिक्षिकेने हा मुद्दा पहिल्यांदा काढला, आणि मग आम्हाला तो प्रत्येक दृश्यात दिसू लागला.

या धोक्याला वेळेची मर्यादा आहे. अमेरिकेतील अनू शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिले की साधारण साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट बसलेल्या मुलांच्या मेंदूतील श्रवणप्रतिसाद वयानुरूप होऊ लागतो. सात वर्षांनंतर बसवल्यास तो बहुतेकदा तसा होत नाही. न वापरलेला श्रवणविभाग मेंदू दुसऱ्या कामाला लावू लागतो. आता आपल्याकडची साखळी पाहा. बालकांच्या आरोग्य तपासणीचा ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ २०१३ साली आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. त्याच्या पथकाने अंगणवाडीत संशय घ्यायचा, वडशाहून सुमारे ५० किलोमीटरवरच्या गडचिरोलीला पाठवायचे, मग मोठ्या शहरात तपासणी, कागदपत्रे, मंजुरी, शस्त्रक्रिया. प्रत्येक पायरीवर दोन-तीन महिने गेले तर साडेतीन वर्षे संपायला वेळ लागत नाही. शिवाय ‘मुलगे उशिराच बोलतात’ या समजुतीत पहिली दोन वर्षे आधीच गेलेली असतात.

२००६ साली या चित्रपटाचा पुढचा भाग आला. २००२ साली, नऊ वर्षांची असताना, हेदरला इम्प्लांट बसले. नंतर तिच्या आईनेही ते बसवून घेतले. हेदर ऐकत्या मुलांच्या शाळेत शिकली, पुढे जॉर्जटाऊन विद्यापीठात गेली. हा भाग पाहून ‘मग उशीर झाला तरी चालतो’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. एका मुलीवरून नियम बनत नाही, आणि हेदरपाशी नऊ वर्षांची एक समृद्ध भाषा आधीच होती.

तिसरी उणीव म्हणजे निर्णयालाच कळस मानणे. निर्णयानंतरची वर्षे पहिल्या भागात जवळपास दिसत नाहीत. आपल्याकडच्या बातम्यांतही हेच घडते. यंत्र सुरू होताच मूल दचकते, आई रडते, छायाचित्र छापले जाते. पण त्या क्षणी मुलाने आवाज ऐकलेला असतो, शब्द नव्हे. श्रवणवयाने ते त्या दिवशी जन्मलेले असते. पुढे कित्येक महिने आठवड्यामागून आठवडे प्रशिक्षण लागते, त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरात दिवसभर बोलणे लागते. कोणत्या भाषेत? झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. आई ‘पानी’ म्हणते, ‘डोरा’ म्हणते. शहरातल्या प्रशिक्षकाने तिला ‘शुद्ध बोला’ सांगितले तर ती संकोचाने गप्प होईल, आणि मुलाला सर्वांत जास्त गरज असलेली गोष्टच कमी होईल. गोंडी किंवा बंगाली बोलणाऱ्या घरालाही हेच लागू आहे. आईने आपल्याच बोलीत भरपूर बोलावे. पुस्तकी मराठी शाळा शिकवील.

शाळेने काय करावे? मूल भिंतीपासून दूर, शिक्षकाचा चेहरा उजेडात दिसेल असे पुढे बसवावे. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असेल तेव्हा तोंडी प्रश्न न विचारता फळ्यावर लिहावे. पावसाळ्यात यंत्रात दमट हवा शिरते, म्हणून रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवल्याची पालकांकडे चौकशी करावी. रोज सकाळी यंत्र चालू आहे का ते पाहावे. घट बंद पडला किंवा तार तुटली तर मूल पुन्हा पूर्ण बधिर होते, आणि दुरुस्तीचा खर्च गरीब घराला झेपत नाही. योजनेचा हिशेब शस्त्रक्रियांच्या संख्येत मांडला जातो. तो पाच वर्षांनंतर किती मुले यंत्र वापरतात आणि किती वाक्ये बोलतात यावर मांडला पाहिजे.

संकेतभाषेमुळे बोलणे मागे पडते का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र भाषेविना गेलेली वर्षे भरून येत नाहीत, याबद्दल नाहीत. भारतीय संकेतभाषेसाठी दिल्लीत २०१५ पासून राष्ट्रीय केंद्र आहे. शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या आणि ती न लाभलेल्या मुलांना ती भाषा मिळायला हवी. पीटरने धरलेल्या हट्टातला हा भाग आम्हाला आजही पटतो.

हा चित्रपट शिक्षकांनी जरूर पाहावा, मोठ्या विद्यार्थ्यांना दाखवावा, आणि पाहून झाल्यावर ‘कोणाचे बरोबर?’ असे विचारू नये. ‘या मुलाला आज घरी कोण, कोणत्या भाषेत, किती वेळ बोलते?’ असे विचारावे. वडशातल्या मुलाचे भवितव्य या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरणार आहे.