रुळावरून उठायला ८२ वर्षं

सिनेमात जात कशाला शोधता, असं विचारणाऱ्या माणसाला स्वतःची जात कधी शोधावी लागलेली नसते. ती त्याला घरबसल्या मिळालेली असते, कपाटातल्या चांदीच्या भांड्यांसारखी. आपण मात्र तिकिटाच्या रांगेतसुद्धा ती बरोबर घेऊन उभे राहिलो. आता रांग गेली. कर्जतच्या बुद्धवाड्यांत, खालापूरच्या वाड्यावस्त्यांवर सिनेमा घरात आलाय. जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीचा आणि आत्ताचा, एकाच टीव्हीवर, एकाच रात्री. ह्यात आपला एक फायदा आहे, त्याकडे आपल्या कार्यकर्त्यांचं लक्ष नाही. थेटरात सिनेमा आपल्याला गप्प बसवतो. घरात आपण सिनेमाला थांबवतो, मागं नेतो, 'काय म्हणाला रे हा?' म्हणून पुन्हा लावतो. उलटतपासणी करता येते. ह्या पावसाळ्यात मी तेच केलं. आई, भाची, शेजारचे दोघंतिघं आणि एकामागून एक सिनेमे. प्रत्येकाला प्रश्न एकच: शेवटच्या रिळात आमच्या माणसाचं काय करता?

'अछूत कन्या' घ्या. १९३६. बॉम्बे टॉकीज. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन नावाचा जर्मन. अस्पृश्य कस्तुरी म्हणजे देविका राणी, ब्राह्मणाचा पोरगा प्रताप म्हणजे अशोककुमार. कस्तुरीचा बाप रेल्वे फाटकाचा चौकीदार. ते फाटक दिसलं आणि आई पुढं सरकून बसली. घाट चढायला गाडीला मागून इंजिनं लागतात त्या जंक्शनातली आम्ही माणसं. गँगमन, खलाशी, पॉईंटमन – किती घरांची चूल ह्या रुळांनी पेटवली! पण शेवटी काय होतं? फाटकावर दोन पुरुष एकमेकांच्या उरावर बसलेत, समोरून गाडी येतेय, आणि कस्तुरी गाडी थांबवायला धावते नि गाडीखाली जाते. मग तिचं देऊळवजा स्मारक. जिवंत असेतो शिवायची नाही, मेली की हात जोडायचे.

आता साल पुन्हा वाचा. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्याची घोषणा झालेली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं जे भाषण होऊ दिलं नाही, ते 'जातिनिर्मूलन' बाबासाहेबांनी मे १९३६ मध्ये स्वतः छापून काढलं. त्याच महिन्याच्या अखेरीला मुंबईची महार परिषद आणि 'मुक्ती कोन पथे?' आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडच्या तळ्याचं पाणी पिऊन नऊ वर्षं लोटलेली. बाहेर माणूस अख्खा धर्म टाकून निघालाय आणि पडद्यावर त्याची पोरगी दुसऱ्यांच्या भांडणात मरतेय. तिला पुतळा मिळाला, निर्णय मिळाला नाही.

आणि ही भूमिका करायची कुणी? केरळात पी. के. रोझी नावाची दलित बाई होती. 'विगतकुमारन' ह्या मूकपटात तिनं नायर बाई रंगवली. सवर्ण प्रेक्षक खवळले, रोझीला गाव सोडून पळावं लागलं. देविका राणीनं अस्पृश्य केली तर अभिनय, रोझीनं नायर केली तर गुन्हा. पांढरपेशा समीक्षक ज्याला 'निखळ कला' म्हणतो तिच्या दारात हे असे राखणदार उभे असतात.

'सुजाता' १९५९चा. बिमल रॉयला मी हलका माणूस म्हणणार नाही. नूतनचा चेहरा बघताना शिवी तोंडातच राहते. इंजिनियरच्या घरात वाढलेली अस्पृश्याची पोर. ओळख करून देताना ती 'मुलगी' नसते, 'मुलीसारखी' असते. त्या एका 'सारखी'त बिमल रॉयनं जातव्यवस्था पकडलीय, मान्य. पण पुढं? ती मरायला निघते तर घाटावर गांधींचा पुतळा. आणि शेवटी घरमालकीण चारू जिन्यावरून पडते, रक्त लागतं, घरात कुणाचं जुळत नाही, जुळतं ते सुजाताचं. बाटली चढते, डोळे उघडतात, आई लेकीला पोटाशी धरते. आपली सुलोचना ती, रडली की बघणारा रडतोच.

आमची आई रडली नाही. म्हणाली, "रगात दिलं म्हनून पोर झाली. नसतं जुळलं रगात, मंग?"

माझ्या वाचनात 'सुजाता'वर ह्यापेक्षा चांगली समीक्षा आलेली नाही. माणूस ठरायला आधी रक्त द्या. परीक्षा आमची, पास करणारे ते. आणि हे कधी, तर दीक्षाभूमीला तीन वर्षं झाल्यावर. ज्या १९५९ मध्ये थेटरात लोक सुजातासाठी रुमाल ओले करत होते, त्याच साली दादासाहेब गायकवाडांच्या मागं भूमिहीन माणसं सत्याग्रह करून तुरुंगात जात होती. जमीन मागणारी सुजाता कुणी लिहिली नाही. तिला रक्त मागता आलं असतं का कुणी?

आता आपल्या डोंगरात या. 'जैत रे जैत', १९७७. जब्बार पटेल. ह्याच माणसानं पुढं २००० साली 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' केला, त्यामुळं आपल्यातले बरेच जण त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. मी आणत नाही. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा हा सिनेमा ठाकरांचा, म्हणजे कर्नाळ्यापासून आपल्यापर्यंतच्या डोंगरांतला. स्मिता पाटील, मोहन आगाशे, महानोरांची गाणी, हृदयनाथांच्या चाली. गाणी अजून लग्नाच्या बेंजोवर वाजतात आणि वाजू देत. चिंधी नवरा टाकून आपल्या मनानं नाग्याकडं येते, हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. पण ठाकराचा वैरी कोण? सिनेमा सांगतो, राणी माशी. लिंगोबाच्या डोंगरावरची मधाची पोळी उतरवायची, सूड घ्यायचा, जैत करायची. ठाकराचा वैरी इतका गोड असता तर आणखी काय पाहिजे होतं! १९ जुलै २०२३च्या रात्री चौकच्या वरची इरशाळवाडी दरडीखाली गेली. ठाकरांची वाडी. वर जायला रस्ता नाही, मदत करणारे पावसात पायी चढत गेले. २७ मृतदेह सापडले, ५७ जण सापडले नाहीत, चार दिवसांत शोध थांबला. त्याच चौकच्या परिसरात नितीन देसाईंनी २००५ मध्ये स्टुडिओ उभारला. 'जोधा अकबर'साठी तिथं आग्र्याचा किल्ला उभा राहिला होता. प्लास्टरच्या किल्ल्यापर्यंत रस्ता गेला, ठाकराच्या वाडीपर्यंत गेला नाही. देसाईंचा ह्यात दोष नाही, ते कसबी माणूस होते. पण पुन्हा 'जैत रे जैत' लावला तेव्हा तो डोंगर मला नुसता देखणा दिसेना.

'फुले' (२०२५) बघताना मी काय ऐकू येतंय ह्यापेक्षा काय ऐकू येत नाहीय ह्यावर कान ठेवला. सेन्सॉरनं महार, मांग, पेशवाई हे शब्द काढायला लावले. ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला येणारा सिनेमा २५ एप्रिलला आला. आता हे बघा: १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, त्याचं नावच 'मांग महारांच्या दुःखाविषयी'. इंग्रजांच्या राज्यात शाळेतल्या पोरीला जो शब्द छापता आला तो १७० वर्षांनी तिच्या गुरूच्या सिनेमाला उच्चारता येत नाही. सिनेमा तसा सरळमार्गी आहे, पोरांना दाखवा. पण दाखवल्यावर मुक्ताचा निबंध मोठ्यानं वाचा, गाळलेले शब्द जागेवर बसतील.

'फँड्री'बद्दल आपल्या पानांवर पुष्कळ झालंय, थोडक्यात उरकतो. तो दगड सगळ्यांना आठवतो. मला त्याआधीचं दृश्य मोठं वाटतं. काठीला डुक्कर लटकवून जब्या आणि त्याचे घरचे चाललेत आणि मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू, गाडगेबाबा. नागराज मंजुळे तिथं काही बोलत नाही. फोटो भिंतीवर आहेत, डुक्कर खांद्यावर आहे. आपल्यातले काही जण पडद्यावर बाबासाहेबांचा फोटो दिसला की सिनेमा पास करून टाकतात. त्यांनी ही भिंत दोनदा बघावी.

म्हणूनच 'जय भीम' (२०२१) मी जरा नाक मुरडतच लावला. नावावर आपलं मत मागायला येणारे पुढारी काय कमी पाहिलेत? टी. जे. ज्ञानवेलचा तमिळ सिनेमा, वकील चंद्रू म्हणजे सूर्या. सुरुवातीलाच तुरुंगाच्या दारात सुटलेल्या माणसांना जात विचारून वेगळं काढतात आणि दुबळ्यांना पुन्हा खोट्या केसमध्ये आत टाकतात. त्या दिवशी आमच्याकडं वीटभट्टीवरून आलेला एक कातकरी दादा बसला होता. उचल घेऊन दिवाळीनंतर भट्टीवर जायचं, पावसाला परत यायचं, फिटलं नाही तर पुढच्या साली पुन्हा तिथंच, असं त्याचं आयुष्य. पडद्यावर इरुळर उंदीर धरतायत, साप धरतायत, विटा पाडतायत. दादानं विचारलं, "ह्यो गाव कुठला?" मी म्हटलं, तमिळनाडू. तो म्हणाला, "तिकडं बी आमचीच मानसं हायेत." कोठडीतल्या मारहाणीला तो उठून ओट्यावर गेला आणि ती संपेपर्यंत आला नाही. दिग्दर्शकाला माझी हीच तक्रार. ती मार ज्यांनी खाल्लीय त्यांना ती इतका वेळ कशाला दाखवता? आणि ज्यांनी खाल्ली नाही, त्यांना हळहळायला एवढी लागते का? दुसरी तक्रार मोठी. १९९३ मध्ये खरोखर पोलिसांच्या मारानं मेलेला राजाकण्णू कुरवर जमातीचा. सिनेमानं त्याला इरुळर केलं. दुबळ्याचं मरणसुद्धा दुसऱ्याच्या नावावर चढवलं.

तरी मी ह्या सिनेमाच्या बाजूनं उभा आहे, आणि ते चंद्रूमुळं नाही. सेंगेनीमुळं. पोटुशी बाई. तिला घरी सोडायला पोलिसांची जीप मागं मागं येते, आणि ती जीपमध्ये बसत नाही, चालत जाते. पैसे घेऊन मिटव म्हणतात, ती घेत नाही. सुजाताला विचारलंच नव्हतं कुणी, सेंगेनीला विचारलं आणि ती नाही म्हणाली. शेवटी तिची पोर वकिलासमोर खुर्चीत पायावर पाय टाकून पेपर उघडते. आपल्या पोरांना मात्र एक विचारतो: १४ एप्रिलची आपली मिरवणूक कातकरवाडीवरून का जात नाही? रस्ता अरुंद आहे म्हणू नका, डीजे लहान करा.

शेवटचा मारी सेल्वराजचा 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८). पहिल्या काही मिनिटांतच परियनच्या काळ्या कुत्रीला, करुप्पीला, रुळाला बांधून गाडीखाली मारतात. भाचीनं टीव्ही थांबवला. "मामा, परत रूळ!" तिला 'अछूत कन्या' आठवली. परियन वकिलीच्या कॉलेजात आलाय, इंग्रजी येत नाही म्हणून वर्गात हसं होतं, वरच्या जातीतली एक पोरगी त्याला मायेनं शिकवते आणि तेवढ्यावर तिच्या घरचे त्याला मारायला उठतात. मारेकरी म्हातारा त्याला बेशुद्ध करून रुळावर नेऊन ठेवतो. गाडी येतेय. आणि परियन उठतो. १९३६ ते २०१८. रुळावरून उठायला ८२ वर्षं लागली आपल्या माणसाला, आणि उठवायला दिग्दर्शक आपल्यातलाच यावा लागला.

शेवटी तो पोरीच्या बापासमोर उभा राहतो. हात उचलत नाही. तुम्ही आहात तसेच राहिलात तर काहीच बदलणार नाही, अशा अर्थाचं काही बोलतो आणि जातो. टेबलावर चहाचे दोन ग्लास, एक कोरा, एक दुधाचा, मध्ये फूल.

भाची चिडली. म्हणाली, त्यानं त्या बापाच्या कानाखाली एक वाजवायलाच पाहिजे होती. मीही तिच्याच बाजूचा. आम्ही दोघं तावातावानं बोलत होतो.

आई पाय चोळत होती. म्हणाली, "कालेज पुरं झाल्यावर वाजवील."