धानाचा मुलूख आणि वाटाड्याची दृष्टी : लाओसच्या ग्रामदर्शनाचा एक विचार

प्रवासवर्णन हा मराठीतील जुना वाङ्मयप्रकार आहे; परंतु वाटाड्यासह केलेल्या प्रवासाचे वर्णन हा त्यातील एक निराळा पोटप्रकार होय आणि त्याला स्वतंत्र कसोट्या लावावयास हव्यात. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथात (लेखन १८८३, प्रकाशन १९०७) प्रवासी द्रव्यार्जनाच्या गरजेने घराबाहेर पडतो. त्याला कोणी काही 'दाखवीत' नाही, जे दिसते ते अंगावर कोसळते. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेच्या लोकस्थितीवरील पुस्तक (१८८९) हे प्रवासापेक्षाही एका चौकस बुद्धीने केलेल्या चौकशीचे फळ आहे. वाटाड्यासह केलेल्या प्रवासात मात्र देश आणि लेखणी यांच्यामध्ये एक तिसरी व्यक्ती उभी असते. काय पाहावयाचे, कोणत्या क्रमाने पाहावयाचे आणि कोठे किती वेळ थांबावयाचे हे ती ठरविते. इतकेच नव्हे तर तिची वाक्ये, ऋण मान्य न करता, लेखकाच्या परिच्छेदांत जाऊन बसतात. लाओस देशाची संस्कृती व तेथील ग्रामभाग यांचे असे मार्गदर्शित दर्शन घेऊन येणारे प्रवासी आता मराठी समाजातही आहेत. अशा दर्शनात ग्रामभागाचा नेमका किती अंश हाती लागतो, हा येथील प्रश्न आहे.

नगरांच्या बाबतीत वाटाड्या उपयोगी ठरतो, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. लुआंग प्रबांग हे लान सांग राज्याचे जुने राजधानीचे नगर. फा न्गुम याने ते राज्य १३५३ मध्ये स्थापिले. राजा सेत्थाथिरात याच्या काळात १५६० मध्ये तेथे वाट श्येंग थोंग हे देवालय उभे राहिले; पुढे विएन्तिआन येथे राजधानी हलल्यावर त्याच राजाने १५६६ मध्ये थात लुआंग या स्तूपाचे काम आरंभिले. लुआंग प्रबांगला १९९५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. देवालयाला कर्ता असतो, काल असतो, नाव असते. अशी वस्तू सांगता येते आणि सांगितलेली लक्षात राहते. पहाटे रांगेने निघणारे भिक्षू आणि त्यांच्या पात्रांत चिकट भाताचे घास घालणाऱ्या स्त्रिया हे दृश्यही, छायाचित्रकारांच्या गर्दीने त्याचे कितीही नुकसान केले असले तरी, ठरावीक वेळेचे व ठरावीक जागेचे असल्याने वर्णनाच्या चौकटीत सहज बसते.

नगर मागे पडले की हे लेखन एकाएकी पातळ होते. मेकाँगच्या काठची खाचरे 'हिरवागार गालिचा' होतात, डोंगर 'धुक्यात न्हातात', आणि शेतकरी, त्यांचे नाव किंवा काम काहीही असो, 'हसतमुख' असतात. याचे कारण केवळ प्रवासाची घाई नव्हे. मराठी ललित गद्याची घडण ज्या प्रदेशात झाली त्या प्रदेशाची शेतभाषा मुख्यतः ज्वारी-बाजरीची आहे. पेरणी, खुरपणी, मोट, कणीस, खळे हे शब्द कोणाही सुशिक्षित मराठी वाचकाला, त्याने कधी नांगर धरलेला नसला तरी, पुस्तकांतून ठाऊक असतात. कोकणात व मावळात भातशेती आहे, आणि राब, आवण, तरवा असे तिचे नेमके शब्दही आहेत. पण परदेशच्या खाचरापुढे उभे राहिलेल्या प्रवाशाला त्यांची आठवण होत नाही. ज्याला नाव माहीत नाही ते डोळ्यांना दिसूनही लेखणीला दिसत नाही. मग रंग तेवढा उरतो.

हाच प्रवास भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडी या गावच्या माणसाने केला, अशी कल्पना करून पाहावी. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख धानाचा आहे. येथे उभ्या पिकाला व टरफलासकट दाण्याला धान म्हणतात, सडल्यावर तो तांदूळ होतो आणि शिजल्यावर भात. पश्चिम महाराष्ट्रात मात्र शेतातही भात आणि ताटातही भातच. लाओ भाषेत 'खाओ' हा एकच शब्द पिकाला, दाण्याला व शिजलेल्या अन्नाला चालतो, आणि 'खाओ खाणे' म्हणजे जेवणे. तीन शब्दांच्या भाषेतून एका शब्दाच्या भाषेकडे जाताना काय गमावते व काय मिळते, हा अनुवादाचा खरा प्रश्न आहे, आणि तो करडीच्या माणसाला पहिल्याच जेवणात पडेल. त्याला गालिचा दिसणार नाही. त्याला बांध्या दिसतील, बांध्यांचे धुरे दिसतील. पऱ्हे उपटून झाले आहेत की नाहीत, चिखलणीला रेडा जुंपला आहे की यंत्र, रोवणी ओळीने आहे की विस्कळीत, हे तो पाहील. काही बांध्यांत रोवणी न करता बी फोकून दिलेले असेल तर तो आवत्या म्हणेल आणि पाऊस किंवा मजूर यांपैकी काय कमी पडले, हे विचारील. पीक कापल्यावर शेतात पसरलेल्या कडपा, मग भारे, मग पुंजणे, मळणीनंतरची तणस, या प्रत्येक अवस्थेचे स्वतंत्र भय त्याला ठाऊक आहे. अवेळी पावसाने कडपा भिजतात. पुंजण्याला आग लागते. प्रवाशाच्या वहीत या साऱ्यांसाठी 'सुगीचे दिवस' एवढीच नोंद असते.

त्याचा पुढचा प्रश्न बहुधा पाण्याचा असेल : येथे बोडी कोठे आहे? भंडारा जिल्ह्याची धानशेती तलावांवर वाढली. कोहळी समाजाच्या तलाव बांधण्याच्या कौशल्याची कीर्ती जुनी आहे. मालगुजारी पद्धतीत हे तलाव मालगुजारांकडे आले आणि १९५० च्या कायद्याने ती पद्धत नष्ट झाल्यावर 'माजी मालगुजारी' म्हणून ओळखले जाऊ लागले. आज त्यांना सर्रास 'मामा तलाव' म्हणतात; एका महसुली संज्ञेचे असे नात्याच्या नावात रूपांतर व्हावे, यात भाषेचा एक खट्याळपणा आहे. तलाव नसेल तेथे शेताच्या वरच्या अंगाला लहानशी बोडी असते आणि सप्टेंबरात पावसाने ओढ दिली की तिच्यातील पाण्यावरच धानाचा निसवा तरतो. लाओसच्या सखल भागातील बरीचशी शेती मात्र परंपरेने केवळ पावसावर विसंबून आहे. तेथे सखल पाणथळ शेताला 'ना' व डोंगरउतारावर जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेताला 'हाय' म्हणतात. पाऊस मागण्यासाठी वैशाखाच्या सुमारास बांबूचे अग्निबाण आकाशात सोडण्याचा 'बून बांग फाय' नावाचा उत्सव तेथे होतो. वाटाड्या तो उत्सव दाखवितो. प्रवासी त्याची दारू, नाच व थट्टामस्करी यांचे वर्णन करतो. बोडीचा प्रश्न कोणी विचारलेलाच नसल्यामुळे, वर्षाचे अन्न ज्या पावसावर अवलंबून आहे त्याच्याशी त्या बाणांचा संबंध वर्णनात पुसट होतो आणि उत्सव निव्वळ मौजेचा राहतो. दोष उत्सवाच्या वर्णनाचा नाही. न विचारलेल्या प्रश्नाचा आहे.

विणकामाविषयीही थोडक्यात हेच म्हणता येईल. लाओ स्त्रियांचे 'सिन' हे वस्त्र व त्याचा नक्षीदार काठ मार्गदर्शित प्रवासात हमखास दाखविला जातो, कारण मागाजवळच विक्रीचे दुकान असते. मोहाडी तालुक्यातीलच आंधळगावचा टसर आणि करवतीच्या दातांसारखा काठ ज्याने पाहिला आहे, त्याला ऐनाच्या झाडावर कोसा राखणारा ढिवर आणि माग चालविणारा कोष्टी हे दोन निराळे समाज आहेत हे ठाऊक असते. म्हणून रेशीम कोणी पोसले व कोणी विणले, हे तो दोनदा विचारतो.

येथे असा आक्षेप येईल की, पऱ्हे, कडपा, बोडी असले शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाहीत व वर्णन बोजड होईल. हा आक्षेप टिकत नाही. 'गारंबीचा बापू' (१९५२), 'बनगरवाडी' (१९५५) आणि 'धग' (१९६०) या कादंबऱ्यांनी कोकण, माणदेश व वऱ्हाड यांची बोली सर्व महाराष्ट्राच्या कानी घातली; वाचक कोश घेऊन बसला नाही, संदर्भाने शिकला. झाडीबोलीचा शब्दसंग्रह डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी परिश्रमाने उजेडात आणला आहे. परंतु तो अजून भाषाशास्त्राच्या दालनात ठेवलेला आहे, गद्याच्या कामाला जुंपलेला नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग'ने (१९६३) आग्नेय आशिया मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा केला. तेथील नृत्य, नाट्य आणि माणसे यांच्याविषयी त्या लेखणीला जन्मजात जाण होती, आणि म्हणून तेथे ती फुलली. शेताविषयी तितकीच जाण असलेली लेखणी त्या दिशेला गेल्याचे उदाहरण विरळा. झाडीबोली ही एका कोपऱ्यातील मराठी मानली जाते; पण मेकाँगच्या खोऱ्यापुढे उभे राहिल्यावर तीच मराठीची अधिक समर्थ शाखा ठरते.

प्रवाशाची दुसरी अडचण याच्या नेमकी उलट आहे. शेत त्याला परके वाटते, आणि धर्म मात्र फार लवकर आपला वाटू लागतो. वाट फू येथे डोंगरशिखराला लिंग मानून ख्मेर राजांनी शिवाची उपासना केली, आणि तेथील जीर्णोद्धारात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने भाग घेतला, हे खरे. रामकथेला तेथे 'फ्रा लाक फ्रा लाम' हे रूप मिळाले, हेही खरे. परंतु १९२६ मध्ये कलकत्त्यास स्थापन झालेल्या बृहत्तर भारत परिषदेच्या काळापासून या भूमीकडे आपल्या घराची ओसरी म्हणून पाहण्याची जी सवय लागली, ती अद्याप सुटलेली नाही. 'बासी' या विधीचे उदाहरण घ्यावे. मनगटाला पांढरा दोरा बांधतात, एवढे पाहून प्रवासी 'हे तर आपले रक्षाबंधन' असे लिहून मोकळा होतो. वस्तुतः लाओ समजुतीप्रमाणे माणसाच्या देहात बत्तीस 'ख्वान' असतात; आजारात, बाळंतपणात, भयाने किंवा दूरच्या प्रवासाने त्यांतील काही भटकतात. त्यांना हाका मारून परत आणावयाचे आणि दोऱ्याने देहाशी बांधून ठेवावयाचे, असा तो विधी आहे. भावाने बहिणीचे रक्षण करण्याच्या कल्पनेशी त्याचा संबंध नाही. ज्या पाहुण्याच्या मनगटाला तो दोरा बांधला गेला त्याचीच प्रवासात विखुरलेली शकले तेथे गोळा केली जात होती, आणि त्याने मात्र श्रावणी पौर्णिमेची आठवण काढली! सादृश्य शोधू नये असे नाही. पण ते धान्य, पाणी आणि श्रम यांच्यात शोधले तर टिकते, सणांच्या बाह्य रूपात शोधले तर फसवते.

श्येंग खुआंग प्रांतातील दगडी रांजणांचे पठार हे अशा प्रवासातील आणखी एक ठरलेले स्थळ. २०१९ मध्ये त्यालाही जागतिक वारशात स्थान मिळाले. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकी विमानांनी लाओसवर वीस लक्ष टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतील लहान गोळ्यांची संख्या सुमारे २७ कोटी आणि न फुटता राहिलेल्यांची सुमारे ८ कोटी, असा अंदाज आहे. वाटाड्या हे आकडे सांगतो. रांजणांभोवती आखून दिलेल्या खुणांच्या आतच चालावयास सांगतो, आणि बॉम्बची रिकामी कवचे कुंपणाला व घराच्या खांबांना कशी वापरली आहेत तेही दाखवितो. प्रवासवर्णनात या ठिकाणी प्रामाणिक हळहळ आढळते, ती खोटी नव्हे. तथापि ती आकड्यांपाशी थांबते. रोवणीपूर्वी चिखलणी करताना अनवाणी पाय गुडघ्यापर्यंत चिखलात जातो. नवी बांधी काढावयाची, धुरा उंच करावयाचा किंवा बोडी खणावयाची तर फावडे खोल मारावे लागते. ज्या जमिनीत काय पुरले आहे हे ठाऊक नाही तिच्यात फावडे मारणे म्हणजे काय, आणि न मारावे तर वर्षाचे धान कोठून आणावयाचे, हे त्या आकड्यांचे शेतातील रूप आहे. करडीच्या वाचकाला ते समजावून सांगावे लागणार नाही. पण वर्णनकर्त्याने चिखलणी हा शब्दच कधी लिहिला नसेल, तर ते त्याला सांगताही येणार नाही.

राहता राहिला वाटाड्या स्वतः. जुन्या गावगाड्यात वाटसरूला पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचविणे हे महाराच्या वतनी सेवेतील एक काम होते. ज्याला गावात घर नव्हते त्याच्यावर परक्याला वाट दाखविण्याची सक्ती होती. मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली, पण त्या शेकडो वर्षांच्या वाटाड्यांपैकी प्रवासवृत्तांत नावानिशी उरलेले किती सापडतील? आजचा मार्गदर्शक वेतन घेतो, परवाना बाळगतो, परकी भाषा बोलतो. वर्णनात मात्र तो बहुधा 'आमचा गाइड' एवढाच राहतो. त्याची शेती आहे काय, ती 'ना' की 'हाय', रोवणीच्या दिवसांत तो पर्यटकांबरोबर फिरत असताना त्याच्या बांधीत कोण वाकले आहे, यांतले काही कळत नाही.

याला एक अपवाद लाओसच्याच प्रवासवाङ्मयात आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ आंरी मूओ १८६१ च्या जुलैत लुआंग प्रबांगला पोहोचला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, नाम खान नदीच्या परिसरात तापाने मरण पावला. त्याच्यासोबत फ्राय आणि देंग नावाचे दोन सेवक होते. त्यांनी त्याला पुरले, त्याच्या दैनंदिनीच्या वह्या व गोळा केलेले नमुने सांभाळले आणि ते सारे अरण्यातून बँकॉकपर्यंत नेऊन पोहोचविले. त्या वह्यांवरून तयार झालेला ग्रंथ १८६४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. १८६७ मध्ये मेकाँगच्या फ्रेंच शोधमोहिमेने त्याच्या दफनस्थळी समाधी बांधली. फ्राय व देंग यांची नावे मूओच्या लेखनामुळे टिकली. पण परतीच्या वाटेत त्यांनी स्वतः काय पाहिले, त्याची नोंद कोणत्याही भाषेत नाही.