वृत्तपत्रीय समीक्षा आणि दूरचित्रवाणीची प्रारंभीची वर्षे : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
नाट्यप्रयोग पडदा पडताच संपतो. थेट प्रक्षेपित होणारा दूरचित्रवाणीचा कार्यक्रमही तितकाच क्षणजीवी असतो. अशा कलांच्या बाबतीत वृत्तपत्रातील परीक्षण हे इतिहासाचे साधन ठरते. अमेरिकन दूरचित्रवाणीच्या प्रारंभकाळातील वृत्तपत्रीय समीक्षेच्या आधारे मराठी दूरचित्रवाणी आणि सातारा-सांगली परिसरातील वृत्तपत्रे यांच्या संबंधाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सांगलीची पूर्वपीठिका :
हा प्रश्न सांगलीला नवा नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यांच्या नाटकांत सूत्रधाराची पदे रचलेली असत. पात्रांची भाषणे मात्र उत्स्फूर्त असत. पदे पुढे १८८५ मध्ये ग्रंथरूपाने आली, भाषणे हवेत विरली. १८५३ मध्ये भावे यांच्या मंडळीने मुंबईत प्रयोग केले, तेव्हाच्या वृत्तपत्रांतील जाहिराती व वृत्ते नाट्येतिहासकारांना म्हणूनच मोलाची वाटतात.

अमेरिकेतील अनुभव :
अमेरिकेत १९५० मध्ये सुमारे ९ टक्के घरांत दूरचित्रवाणी संच होता. १९६० पर्यंत हे प्रमाण ८७ टक्क्यांच्या आसपास पोहोचले. या दशकातील अनेक नाटके थेट प्रक्षेपित होत. पडद्यावरील चित्राचे फिल्मवर केलेले चित्रण काही कार्यक्रमांचेच टिकले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जॅक गूल्ड व ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’चे जॉन क्रॉस्बी हे या काळातील प्रमुख समीक्षक होत. त्यांच्यापुढील अडचण मूलभूत होती. नाट्यसमीक्षा वाचून वाचक तिकीट काढू शकतो. येथे परीक्षण छापून येईपर्यंत कार्यक्रम संपलेला असे. मग अशा परीक्षणाचे प्रयोजन काय?

याचे उत्तर १९५५ मध्ये मिळाले. रॉड सर्लिंग यांचे ‘पॅटर्न्स’ हे नाटक १२ जानेवारी रोजी प्रक्षेपित झाले. गूल्ड यांनी त्याची मुक्तकंठाने प्रशंसा करून ते पुन्हा दाखवावे असा आग्रह धरला. ९ फेब्रुवारी रोजी कलावंतांनी ते पुन्हा थेट सादर केले. समीक्षा येथे प्रेक्षकांच्या वतीने केलेली मागणी झाली.

परंतु याची दुसरी बाजूही आहे. मॅकार्थीवादाच्या काळात ‘न्यूयॉर्क जर्नल-अमेरिकन’चे स्तंभलेखक जॅक ओब्रायन यांनी सीबीएसचे वृत्तनिवेदक डॉन हॉलेनबेक यांच्यावर त्यांच्या राजकीय मतांवरून सातत्याने हल्ले चढविले. जून १९५४ मध्ये हॉलेनबेक यांनी आत्महत्या केली. त्यामागे केवळ हे लेखन होते असे म्हणता येणार नाही. तथापि कार्यक्रमाऐवजी माणसालाच लक्ष्य करणारे लेखन समीक्षा या संज्ञेस पात्र ठरत नाही. अशी परीक्षणे साधन म्हणून वापरताना लेखकाची व वृत्तपत्राची भूमिका तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

मराठीतील स्थिती :
मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘गजरा’, ‘चिमणराव’ यांसारख्या कार्यक्रमांनी मराठी प्रेक्षक घडविला. टेप महाग असल्याने ती पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत त्या काळी होती. परिणामी दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेल्या ‘चिमणराव’चे मोजकेच भाग आज पाहावयास मिळतात. उरलेल्या भागांविषयी जाणून घ्यावयाचे तर कलावंतांच्या आठवणी व वृत्तपत्रांच्या जुन्या फाइली हाच आधार. या फाइलीही सुरक्षित आहेत असे नाही. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात सांगलीतील नगर वाचनालयाच्या संग्रहाची मोठी हानी झाली, हे उदाहरण ताजे आहे.

आजच्या मालिका जतन होतात. समीक्षेची गरज मात्र संपत नाही. २०१७ ते २०१९ या काळात प्रसारित झालेली ‘लागिरं झालं जी’ ही मालिका सातारा परिसरात चित्रित झाली व सैनिकी परंपरा हा तिचा विषय होता. तिच्यातील बोली अस्सल की केवळ विनोदापुरती, सैनिकाच्या घराचे चित्रण कितपत वास्तव, हे प्रश्न साताऱ्याच्या वाचकाइतके नेमकेपणाने दुसरे कोण विचारणार? चित्रीकरणाची वार्ता व कलावंताची मुलाखत ही त्या प्रश्नांची उत्तरे नव्हेत.

समारोप :
सारांश, वृत्तपत्रीय समीक्षा ही क्षणजीवी कलेची नोंद, प्रेक्षकाची मागणी आणि प्रसंगी अन्यायाचे साधनही असते. या तिन्ही अंगांनी तिचा अभ्यास व्हावयास हवा. महाविद्यालयांतील मराठी, इतिहास व पत्रकारिता विभागांनी एकत्र येऊन दोन्ही जिल्ह्यांतील वाचनालयांतील वृत्तपत्रांच्या फाइलींची सूची व अंकीकरण हाती घेतल्यास पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांनाही ते काम करता येईल. मूळ टेप पुसल्या गेल्या. त्यांचे वर्णन करणारा कागदही गमावला, तर मराठी दूरचित्रवाणीच्या पहिल्या पर्वाचा इतिहास केवळ ऐकीव राहील.